तार, कॉईल आणि पांढरी पाच

विजेवर चालणाऱ्या तंतुवाद्याच्या आवाजाविषयी बोलायचे तर तो आवाज नेमका कशातून येतो, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. सतारीत भोपळा आणि तबली, सारंगीत ताणलेले चामडे, व्हायोलिनमध्ये पातळ लाकडाची पोकळ पेटी तारेचे कंपन हवेत पसरवते, त्यामुळे या वाद्यांचा आवाज त्यांच्या अंगातून निघतो असे म्हणणे रास्त ठरते. भरीव लाकडाच्या विद्युत गिटारचे तसे नाही, कारण ॲम्प्लिफायरला न जोडता ती छेडली तर तिचा आवाज शेजारच्या खोलीतही धड पोहोचत नाही. तिच्या तारांखाली चुंबके बसवलेली असतात आणि त्या चुंबकांभोवती तांब्याची अतिशय बारीक तार हजारो वेढ्यांनी गुंडाळलेली असते. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते, त्या बदलाने वेढ्यांमध्ये क्षीण विद्युतदाब निर्माण होतो, आणि तो केबलमधून ॲम्प्लिफायरकडे व तिथून स्पीकरकडे गेल्यावरच श्रोत्याच्या कानी काही पडते. चुंबक आणि वेढे मिळून होणाऱ्या या भागाला वादक पिकअप म्हणतात, तर वेढ्यांच्या गुंडाळीला कारागीर कॉईल म्हणतात. १९५०च्या दशकातल्या एखाद्या गिटारचा आवाज भरदार आहे, गोड आहे, अशी वाखाणणी होते तेव्हा वस्तुतः तार, कॉईल, केबल, ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि खोली या सगळ्या साखळीची ती वाखाणणी असते, आणि त्या साखळीतली प्रत्येक कडी आपापल्या गतीने जुनी होत असते.

जुन्या विद्युत वाद्यांवरचे बहुतेक लेखन अमेरिकेतल्या दोन-चार कारखान्यांभोवती फिरते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु हीच साखळी मुंबईच्या पूर्व किनाऱ्यालगत, कॉटन ग्रीन, काळाचौकी, घोडपदेव, चिंचपोकळी आणि लालबागच्या गल्ल्यांत, निराळ्या वाद्यावर आणि निराळ्या गरजेपोटी उभी राहिली, आणि गिरणगावाला, म्हणजे कापडगिरण्यांच्या या भागाला, दुरूनही ओळखू येईल असा एक आवाज तिने दिला. ते वाद्य म्हणजे बेंजो. चामड्याने मढवलेल्या अमेरिकी बँजोशी त्याचे नात्याने काही लागत नाही. ती एक लांबट लाकडी पेटी असते, तिच्यावर पोलादी तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणे असतात, आणि गणपतीच्या आगमनाला, दहीहंडीला, हळदीला किंवा आंबेडकर जयंतीला जी बेंजो पार्टी बोलावली जाते, तिची चाल याच वाद्यावर वाजते. मिरवणुकीतला गोंगाट म्हणून या आवाजाची दखल पुष्कळदा घेतली गेली आहे, पण विद्युत तंतुवाद्याचा घडत गेलेला स्वभाव म्हणून त्याच्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही. तसे पाहिले, तर परदेशातल्या जुन्या गिटारांविषयीच्या अनेक पक्क्या समजुतीही तपासून घेता येतात.

कॉटन ग्रीन या वस्तीचे विजेशी आणि तारेशी असलेले नाते जुने आहे. कापसाचा बाजार आधी किल्ल्यातल्या हिरवळीवर आणि नंतर कुलाब्याला भरत असे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तो शिवडीच्या बाजूला, समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर आला, आणि गाठींसाठी बांधलेल्या गोदामांच्या लांबच लांब रांगांनी या भागाला त्याचे आजचे रूप दिले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातली पहिली विजेची रेल्वेगाडी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हार्बर मार्गावरून धावली, ती याच पट्ट्यातून. पूर्वेला गोदी आणि पश्चिमेला गिरण्या, मधे कोकणातून आणि देशावरून आलेल्या माणसांच्या चाळी, आणि पुढे अभ्युदयनगरसारख्या वसाहती, असा हा मुलूख आहे. इथल्या करमणुकीत भजन होते, शक्ती-तुरा होता, शाहिरी होती, आणि १९२०पासूनचे चिंचपोकळीचे किंवा १९३४पासूनचे लालबागचे सार्वजनिक गणपती होते. हे सारे उघड्यावरचे किंवा चाळीच्या पटांगणातले असल्याने तिथे टिकणाऱ्या वाद्याला दोन गोष्टी साधणे भाग होते: ते स्वस्त असावे, आणि शेकडो माणसांच्या आवाजावरून पलीकडे पोहोचावे.

बेंजोचे मूळ जपानमध्ये आहे. १९१२ साली, म्हणजे तैशो राजवटीच्या पहिल्याच वर्षी, नागोया शहरातल्या गोरो मोरिता याने तैशोगोतो नावाचे वाद्य तयार केले, ज्यात पारंपरिक तंतुवाद्याला टाइपरायटरच्या बटणांची जोड दिली होती. बटण दाबले की त्याखालची धातूची पट्टी तारेवर टेकते आणि तारेची कंपणारी लांबी कमी होऊन वरचा स्वर मिळतो. सुराची जागा बोटाने शोधण्याचे कष्ट वाचत असल्याने हे वाद्य ज्यांना कोणी गुरू मिळण्याची शक्यता नव्हती अशा माणसांच्या हातात झपाट्याने गेले. समुद्रमार्गाने ते आशियाभर पसरले, बलुचिस्तानात त्याला बेंजू म्हणू लागले, उत्तर भारतात बुलबुलतरंग म्हणू लागले, आणि मुंबईत ते बेंजो झाले. बलुची वादकांनी त्याचा आकार वाढवून त्याला मैफलीत नेले. मुंबईने त्याला पिकअप लावून रस्त्यावर आणले. एकाच यंत्राचे असे दोन प्रवास व्हावेत, ही वाद्यांच्या इतिहासातली मोठी लक्षणीय गोष्ट आहे.

हे वाद्य जवळून पाहिले म्हणजे त्याच्या आवाजाची कारणे एकेक करून दिसू लागतात. वादक ते गळ्यात पट्ट्याने अडकवतो किंवा गाडीवरच्या स्टँडवर ठेवतो. डाव्या हाताची बोटे बटणांवर असतात आणि उजव्या हातात तार छेडण्याची लहानशी चपटी पट्टी असते. मुख्य तारा एकाच स्वरात मिळवलेल्या असतात, पण त्या कधीच तंतोतंत मिळत नाहीत, आणि त्यांच्यातल्या बारीकशा फरकामुळे स्वर किंचित थरथरत, पसरट होऊन बाहेर पडतो. पोलादी तार बारीक आणि पेटी हलकी असल्यामुळे आघात तीक्ष्ण होतो आणि स्वर लवकर विरतो, म्हणून स्वर लांबवायचा असेल तर वादकाला उजवा हात अखंड वरखाली चालवावा लागतो. मेंडोलिनवादक जे करतात तेच हे, मात्र इथे बटणाच्या धातूची खटखटही तारेवर उमटते आणि चुंबक तीही इमानाने उचलते. बटण सोडले की मोकळी तार वाजण्याचा धोका असतो, त्यामुळे एका बटणावरून दुसऱ्यावर जाताना मधे फट राहू न देणे, हीच या वादनातली खरी तालीम असते. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, हार्मोनियमप्रमाणेच इथेही जवळजवळ अशक्य आहे. कोळीगीतातला किंवा लावणीतला लचका बेंजोवादक वेगाने, स्वरांच्या दुहेरी ठोक्यांनी आणि पुढचा स्वर क्षणभर आधी घेऊन सुचवतो, आणि ऐकणाऱ्याला मूळ गाणे पाठ असल्यामुळे उरलेले त्याचे मन भरून काढते. घसरू न शकणाऱ्या वाद्यातून घसरण ऐकवण्याची ही कला उच्च दर्जाची आहे, आणि तिला तसे म्हणायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

पिकअपकडे वळले की कॅलिफोर्निया आणि काळाचौकी एकमेकांच्या बरीच जवळ येतात. बाजारात यशस्वी झालेले पहिले विद्युत तंतुवाद्य हे मांडीवर आडवे ठेवून वाजवायचे हवाईयन गिटार होते, जॉर्ज बोशाँ याच्या कल्पनेतून १९३०च्या दशकाच्या आरंभी रिकनबॅकर कंपनीने बनवलेले. म्हणजे चुंबक आणि कॉईल यांचा पहिला उपयोगसुद्धा आडव्या, पोलादी तारांच्या, साध्या वाद्यासाठीच झाला. लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला गिटार वाजवता येत नसे. त्याच्या कारखान्यातून १९५०च्या सुमारास भरीव लाकडाची गिटार, १९५१मध्ये प्रिसिजन बेस आणि १९५४मध्ये स्ट्रॅटोकास्टर बाहेर पडले. स्ट्रॅटोकास्टरच्या एका पिकअपवर सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची तार आठ हजारांच्या आसपास वेढे घेऊन बसते, आणि या एका कॉईलमध्ये जवळपास किलोमीटरभर तांबे जाते. वेढे जितके अधिक, तितका आवाज मोठा आणि तितकीच वरच्या कंपनांची धार कमी. वेढे एकमेकांवर किती सैल आणि किती वेडेवाकडे पडले यावरही फरक पडतो, कारण शेजारच्या वेढ्यांमधल्या अंतराने कॉईलची विद्युतधारिता, म्हणजे वरच्या कंपनांना परस्पर गिळून टाकण्याची तिची सवय, ठरते. त्या काळात तार हाताने वळवत नेली जाई, म्हणून एकाच दिवशी बनलेले दोन पिकअप सारखे निघत नसत.

हे काम करणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी ॲबिगेल इबारा १९५६मध्ये फेंडरच्या कारखान्यात लागल्या आणि पुढे त्यांच्या हातच्या कॉईल्स वादक नाव घेऊन शोधू लागले. त्याच दशकांत गिरणगावात सूत गुंडाळण्याचे, म्हणजे वाइंडिंग आणि रीळिंगचे काम प्रामुख्याने स्त्रियांकडेच होते, आणि हाताने ताण सांभाळत सूत न तोडता भरभर फिरवण्याचे कसब दोन्हीकडे तेच होते. जुन्या गिटारचा गोडवा लाकडाच्या जातीत आणि वार्निशात शोधणाऱ्या लेखनात या हातांना जागा फार थोडी मिळते, ही त्या लेखनातली मोठी उणीव आहे. इकडे बेंजोची कॉईलही कोणीतरी हातानेच गुंडाळलेली असते, लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या तारेची आणि चुंबकाची. तिचे वेढे मोजलेले असतीलच असे नाही, आणि दोन बेंजोंच्या आवाजांत जो फरक ऐकू येतो त्यातला मोठा वाटा या न मोजण्याचा असतो. गिब्सन कंपनीच्या ज्या दुहेरी कॉईलच्या पिकअपला आज सर्वाधिक मान आहे, सेथ लव्हर याने रचलेल्या आणि १९५७पासून गिटारींवर बसू लागलेल्या त्या पिकअपविषयीही तज्ज्ञांचे हेच सांगणे आहे की त्याच्या वेढ्यांची संख्या नगागणिक बदलत असे.

दुहेरी कॉईल का लागली, याचे उत्तर मुंबईच्या कानाला विशेष रीतीने देता येते. कॉईल ही तारेचे कंपन जसे उचलते तसेच आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचे, ट्यूबलाइटचे, वायरिंगचे चुंबकीय क्षेत्रही उचलते, आणि त्यातून एक सततची गुणगुण स्पीकरवर येते. दोन कॉईल्स उलटसुलट जोडल्या की ही गुणगुण आपोआप कापली जाते आणि तारेचा आवाज मात्र राहतो. एकाच कॉईलच्या वाद्यात ती राहते. अमेरिकेत विजेचा प्रवाह सेकंदाला ६० आवर्तने पूर्ण करतो, आपल्याकडे ५०. ६० कंपनांचा स्वर आपल्या पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, भाषेत काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी बेसूर लोंबकळतो, परंतु ५० कंपने म्हणजे खर्जातली जवळजवळ पांढरी पाच, किंचित चढी. मुंबईतल्या एका कॉईलच्या प्रत्येक गिटारखाली, प्रत्येक बेंजोखाली, हा एक अतिमंद्र पांढरी पाचचा तंबोरा वाजत असतो, वादकाने मागितलेला नसताना. मिरवणुकीत वीज जनित्रावरून येते, आणि दिव्यांचा भार वाढला की जनित्र क्षणभर मंदावते व गुणगुणही थोडी उतरते. पेटीवर चाल बसवणाऱ्या जाणत्या वादकाला ही उतरण कळते.

जुन्या वाद्याचे मोल ठरवताना संग्राहक अस्सलपणा पाहतात: स्क्रू मूळचे आहेत का, रंग पुन्हा दिलेला तर नाही, पिकअप बदललेला तर नाही. जानेवारी १९६५मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या मोठ्या उद्योगाने विकत घेतली, आणि त्या तारखेच्या अलीकडचे व पलीकडचे वाद्य यांच्या किमतीत आजही दरी आहे. परंतु फेंडरने मान आणि धड चार स्क्रूंनी जोडली ती मान खराब झाली तर बदलता यावी म्हणूनच. दुरुस्ती हा त्या वाद्याच्या रचनेचा पाया होता. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरची काळी स्ट्रॅटोकास्टर जून २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली, आणि त्या गिटारची मान, पिकअप, पट्टी हे सारे वर्षानुवर्षे अनेकदा बदललेले होते, तिच्या धडाला भोके पाडून ती पुन्हा बुजवलेली होती. तिचा जो आवाज लोकांनी डोक्यावर घेतला तो या फेरफारांतून तयार झाला. गिरणगावातला बेंजो याच जातीचा आहे. पावसाळ्यात पेटी फुगते, बटणाखालची स्प्रिंग बसते, खाऱ्या हवेने तार गंजते, पिकअपचे डाग तुटतात, आणि भाद्रपदाच्या आधी हे सगळे एकेक करून नीट केले जाते. दहा वर्षे वाजलेल्या बेंजोत मूळचे किती उरले, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. विचारला जातो तो एवढाच, की सूर लागतो का आणि आवाज पुढे जातो का. हे दोन प्रश्न संग्राहकाच्या प्रश्नांपेक्षा वाद्याच्या अधिक जवळचे आहेत.

तारेच्या जुनेपणाचा प्रश्न बेस गिटारमध्ये सर्वांत स्पष्टपणे कळतो. बेस म्हणजे गिटारपेक्षा एक सप्तक खाली मिळवलेले चार जाड तारांचे वाद्य, ज्याने उभ्या डबल बेसची जागा घेतली. डेट्रॉईटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांत वाजलेला जेम्स जेमरसन याचा १९६२चा प्रिसिजन बेस प्रसिद्ध आहे, आणि त्याविषयीची सर्वांत महत्त्वाची माहिती ही की जेमरसन तारा बदलत नसे. नव्या तारेत वरच्या कंपनांची लकाकी असते. घाम, मळ आणि धूळ वेटोळ्यांत बसली की ती लकाकी जाते आणि उरतो तो गोल, ठाशीव, लवकर संपणारा ठोका, जो पखवाजाच्या धुमेच्या बाजूला झुकतो. त्या गाण्यांचा जो जुना स्वभाव म्हणून ओळखला जातो त्यातला बराचसा मळक्या तारांचा आहे. मुंबईतल्या चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांचा बेस आणि भूपिंदर सिंग यांची गिटार होती, आणि १९७१च्या ‘दम मारो दम’मधली भूपिंदर यांची गिटार आजही कानावर पडताक्षणी ओळखू येते. परदेशी वाद्ये त्या काळात आयातीच्या निर्बंधांमुळे दुर्मीळ होती. बोटीवर काम करणारे गोवेकर, ज्यांची कूड म्हणजे गाववार वसतिस्थाने धोबीतलावच्या आसपास होती, ती वाद्ये सोबत आणत, आणि १८६५पासूनचे फुर्तादोंचे वाद्यांचे दुकानही त्याच धोबीतलावला होते. मिळाले ते वाद्य आणि मिळाली ती तार पुरवून पुरवून वापरावी लागे. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा महालक्ष्मीच्या फेमस स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेल्या त्या गाण्यांतल्या बेसचा गोलवा केवळ सौंदर्यदृष्टीतून आला असे मानणे भाबडेपणाचे होईल. टंचाईचाही त्यात हात होता, आणि त्यामुळे त्या वादकांचे श्रेय कमी न होता वाढते.

बेंजो पार्टीत बेस गिटार नसते, खालची बाजू ढोल सांभाळतो. तरीही बेंजोचा सूर पोकळ वाटत नाही, आणि याचे कारण स्पीकरमध्ये आणि कानात मिळून आहे. पूर्वी या वाद्याचा आवाज कर्ण्यातून, म्हणजे निमुळत्या धातूच्या नळकांड्यातून बाहेर पडे. अहुजा कंपनीचे असे कर्णे देशभर सभांना, देवळांना, लग्नांना लागलेले असत. कर्णा साधारणपणे ३०० कंपनांच्या खालचे जवळजवळ काहीच वाजवू शकत नाही आणि पाच-सहा हजारांच्या वरचेही नाही. परंतु माणसाचा कान दोन ते पाच हजार कंपनांच्या पट्ट्यातच सर्वाधिक तीक्ष्ण असतो, आणि बेंजोच्या पोलादी तारेची धार नेमकी तिथे आहे. शिवाय स्वराची मूळ कंपने गाळली गेली तरी त्यांच्या पटीतली वरची कंपने ऐकून मेंदू मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो, आणि म्हणून कर्ण्यातूनही बेंजोचा षड्ज षड्जच वाटतो. ॲम्प्लिफायरचा आवाज पूर्ण चढवला की ट्रान्झिस्टर लाटांचे माथे सपाट कापतो आणि आवाजाला खरखरीत कडा येते. जुन्या काचेच्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये हेच माथे हळूहळू गोल होत जातात, आणि विलायती गिटारवादक ज्यासाठी जीव टाकतात तो हा फरक आहे. बेंजोवादकाला व्हॉल्व्ह परवडले नाहीत, पण कडा मात्र हवी होती, कारण तिच्याशिवाय ताशाच्या वर सूर निघत नाही.

उरलेला आवाज रस्ता तयार करतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दहा मीटर रुंद गल्लीच्या एका कडेला वाजलेला स्वर समोरच्या चाळीच्या भिंतीवर आपटून परत यायला सेकंदाचा सहा शतांश भाग घेतो, आणि इतक्या थोड्या अवधीत आलेला पडसाद वेगळा ऐकू न येता मूळ स्वराला जाडी देतो. लालबागच्या आतल्या गल्ल्यांत, जिथे गॅलऱ्या, जिने, कठडे आणि माणसे असतात, हा पडसाद विस्कटून मऊ होतो. कॉटन ग्रीनच्या गोदामांच्या बाजूला भिंती लांब, सपाट आणि आंधळ्या आहेत, रस्ते रुंद आहेत, आणि तिथे तोच बेंजो एका मागोमाग एक असा दुहेरी ऐकू येतो. मिक्सरवरचा इको चढवून वादक घरातल्या कार्यक्रमात जो परिणाम आणतो, तो इथे रस्ता फुकटात देतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरण्या पूर्वीसारख्या कधीच चालल्या नाहीत. बेंजो मात्र संपला नाही. उलट ज्या घरांतला पगार थांबला त्या घरांतल्या मुलांना सुपारी, म्हणजे ठरवलेला कार्यक्रम, हे उत्पन्नाचे एक साधन राहिले. त्याच्यावर खरा ताण आला तो नव्वदीनंतर, डीजेच्या भिंतीएवढ्या स्पीकरमुळे आणि पुढे मोठ्या ढोल-ताशा पथकांमुळे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरचे ध्वनिवर्धक बंद केले, आणि पुढे वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरती बारापर्यंतची सवलत देण्यात आली. नियम योग्यच आहेत, चाळीतल्या आजारी माणसालाही रात्र असते. तरी त्या नियमांच्या चर्चेत पन्नास हजार वॅटची भिंत आणि एक कॉईल व स्पीकरची दोन खोकी घेऊन निघालेली बेंजो पार्टी एकाच मापात बसवली जाते, हे अन्यायाचे आहे. रवी जाधव यांनी २०१६मध्ये ‘बॅन्जो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, त्यात रितेश देशमुख बेंजोवादक झाले, आणि वाद्याचे नाव गिरणगावाबाहेर पोहोचले. वाद्याचा आवाज मात्र चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात जितका घासूनपुसून येतो तितकाच आला.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३च्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय हाती घेतले आहे, कॉटन ग्रीन स्थानकापासून ते दूर नाही. तिथे साचे येतील, चाते येतील, आणि कामगारांच्या करमणुकीचे दालन झाले तर एखादा बेंजोही काचेत बसेल. काचेतल्या बेंजोतून त्याचा आवाज कळणार नाही, कारण तो आवाज पेटीत फार थोडा आहे. त्यासाठी पार्टी वाजत असताना दोन वेगळ्या वाटांनी मुद्रण करावे लागेल: एक थेट कॉईलमधून, ज्यात तार, बटणाची खटखट आणि पांढरी पाचची गुणगुण स्वच्छ येईल, आणि दुसरे रस्त्यात मायक्रोफोन ठेवून, ज्यात कर्णा किंवा खोके, भिंत आणि माणसे येतील. सोबत तारेची जाडी, कॉईलचा रोध, ॲम्प्लिफायरचा प्रकार, जनित्राची कंपने, गल्लीची रुंदी आणि शेवटची दुरुस्ती कोणी व कधी केली हे लिहून ठेवावे लागेल, कारण पन्नास वर्षांनी कोणाला हा आवाज पुन्हा उभा करायचा झाला तर त्याला याच गोष्टी लागतील. अशा मुद्रणाला आगमनाच्या आधीच्या तालमीची रात्र सर्वांत सोयीची असते, तेव्हा ढोल थांबवून एकट्या बेंजोला चाल वाजवायला सांगता येते आणि वादक ती हवी तितक्या वेळा, हव्या त्या लयीत वाजवून दाखवतात.